सासूबाईंचे कान

"आई, हलू नका. नुसता शाईचा ठिपका लावतेय. सुई अजून डबीतच आहे."

"ठिपक्याचं काय गं! त्याच्या मागोमाग सुई येणारच ना!" असे म्हणत सासूबाई स्टुलावरून उठल्यासुद्धा.

चाळीस वर्षे चांदीची तार ओढून जाळीची कर्णफुले घडवणाऱ्या या बाईंचे स्वतःचे कान मात्र भुंडे होते. सातव्या वर्षी वडिलांनी कान टोचायला बसवले, तेव्हा त्या ज्या पळाल्या त्या संध्याकाळी शेजारच्या माळ्यावर सापडल्या. लग्न झाले तेही कारागिराशीच. त्याने खास त्यांच्यासाठी घडवलेली जोडी शेवटी नणंदेच्या कानात गेली. त्याने कधी बोलून दाखवले नाही. तेच जास्त टोचायचे. गिऱ्हाइकांना मात्र त्या खुशाल सांगायच्या, "टोचून घ्या हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं!"

आता प्रकरण गळ्याशी आले होते ते घरच्या रिवाजामुळे. कारागिराच्या हातची पहिली वस्तू विकायची नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती अंगावर घालायची, मगच पुढचे काम हाती घ्यायचे. नवऱ्यामागे सासूबाईंनी दुकान एकटीने रेटले. मुलगा बस चालवण्यात रमला. सून आली ती शिवणकाम येणारी. पण घरातले आवरले की हळूच सासूशेजारी येऊन बसू लागली. तार किती तापवायची, फुंकणीतून वारा किती सोडायचा, पाच वर्षांत सासूबाईंनी सगळे शिकवले. "बरं झालंय" एवढे मात्र एकदाही म्हटले नाही. आणि काल सुनेने पहिली जोडी पुरी केली. कर्णफुलांचीच!

"तूच घाल की. तुझे टोचलेले आहेत."

"स्वतःची स्वतः घालायची नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

"मग याच्या कानात अडकव."

मुलगा जेवता जेवता ठसकला. "आई, मी बस चालवतो. प्रवासी मधेच उतरतील!"

सासूबाईंनी शेवटचा उपाय म्हणून भिंग काढले. खोट सापडली तर सुटका होती. फुले खिडकीशी नेऊन त्यांनी बराच वेळ न्याहाळली. आणि सापडली!

"डाव्या फुलाला एक सांधा जाड बसलाय."

सुनेचा चेहरा उतरला. "दिसला होता मला. मोडून परत करते. पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवस! सासूबाईंना हवे तेच झाले होते. पण भिंग काही डोळ्यावरून खाली येईना. त्या एका सांध्याशेजारी अकरा पाकळ्या होत्या, आणि त्यांची तार केसाहून बारीक होती.

"मोडायला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "इतकी बारीक तार माझ्याच्यानं कधी ओढली गेली नाही. तुझ्या सासऱ्यांच्यानंसुद्धा नाही."

सून बघतच राहिली.

"बघतेस काय? मी आहे जागेवर तोवर टोच!"

सुई लागायच्या आधीच त्यांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारीण हातातले लाटणे घेऊनच धावत आली. प्रत्यक्ष टोचले तेव्हा त्या विचारत होत्या, "झाली का सुरुवात?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी पसरली, की अखेर सुनेने सासूचे कान टोचले. सासूबाईच सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

कान बरे झाल्यावर फुले चढली. दुसऱ्याच दिवशी दुकानात एक बाई आल्या. इतर काही बघेचनात.

"मला हुबेहूब तुमच्या कानात आहेत तश्शी हवीत. तुमच्याच हातची ना?"

"छे हो. थांबा, आमच्या कारागिरांना वेळ आहे का विचारते."

सासूबाई आत गेल्या. सून पातेले घासत होती. त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतले आणि बाह्या वर सारल्या.

"हात पूस आणि बाहेर जा. तुझं गिऱ्हाईक आलंय."