कोंबडीच्या पायांची वही

माझे वडील, अण्णा, गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांचं जिंतूरचं टेलरिंगचं दुकान उघडलं. पहिलेच आले सटवाजीकाका.

"संघप्रिया, माझं कापड दे माघारी. लेकीचं लगीन पंधरा दिवसांवर आलंय. परभणीला शिवून घेतो."

"मी शिवते ना, काका."

"तू कालेजात पुस्तकं शिकवितीस. सदरा म्हंजी कविता न्हाई."

"कवितेपेक्षा सोपा असतो," म्हणत मी अण्णांची खिशातली वही काढली. पुस्तक प्रदर्शनातून मीच आणलेली. मुखपृष्ठावर रशियन लोककथेतल्या चेटकिणीची झोपडी होती, कोंबडीच्या पायांवर उभी. अण्णा तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहीत.

काकांनी चित्र निरखलं. "हे घर पळून गेलं म्हंजी?"

"गोष्टीत जातं. मापं जाग्यावर आहेत."

काकांचं पान सापडलं. अण्णांचं बारीक अक्षर मी थोडा वेळ नुसतंच पाहिलं. छाती, बाही, डावा खांदा उतरता. खाली लिहिलं होतं : 'पोट वाढलंय. बोलू नये. दीड इंच जादा धरावा.'

"काय लिव्हलंय एवढं?"

"डावा खांदा उतरता आहे म्हणून."

"पोती वाहून उतरला," काका हळूच म्हणाले आणि बाकावर बसले. "बरं, शिव. पर कॉलर अण्णावाणी बसली पायजे." मग पोट आत ओढून म्हणाले, "बाकी अंगानं मी माझ्या लग्नात होतो तसाच हाय बघ."

"अगदी तसेच," मी म्हणाले, आणि खडूची रेघ दीड इंच बाहेरून ओढली.