आत्यानं शिजवलेला प्रोजेक्ट

माझा प्रोजेक्ट आत्यानं शिजवला. खरंच शिजवला, वाटण-बिटण लावून.

मी दीप्ती, कर्जतच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, तेही दुसऱ्यांदा. गेल्या वर्षी जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत द्वारका मॅडमनी विचारलं, नैसर्गिक निवड म्हणजे काय, आणि मी पाठ केलेलं सगळं विसरून पंख्याकडे बघत बसले. नापास. यंदा प्रोजेक्टवर मॅडमची सही मिळाली नाही तर कॉलेज बंद, चौक गावात मामाच्या गॅरेजात फोन उचलायला बसायचं, असं बाबांनी जाहीर केलेलं. मला गॅरेज नको होतं. मला मॅडमसारखा पांढरा कोट घालून लोकांना छळायचं होतं.

म्हणून दोन दिवस आमच्या कोंडाणे गावच्या ओढ्यात ढोपरभर पाण्यात उभी राहून बत्तीस खेकडे धरले, सगळे नर. नराची एक नांगी मोठी असते. ती कितींची उजवी, कितींची डावी, एवढंच मोजायचं आणि परत सोडून द्यायचं. बादली मोरीत ठेवून मी प्रोजेक्टची वही आणायला कर्जतला गेले. दुपारी येऊन बघते तर घरभर घमघमाट.

"आत्ये, माझे खेकडे?"

"कालवन केलं. बादलीत खेकडं कोन पाळतं गं?" भीमाआत्या म्हणाली. "ये, बस जेवायला."

मी ताट सरकवलं, नाही नाही ते बोलले आणि मग रडले. उद्याच वही द्यायची होती. आत्याचा चेहरा एवढासा झाला. "मला काय ठावं गं. पन नांग्या हायेत की."

ते खरं होतं. बारके पाय आमच्याकडे पाट्यावर वाटून रश्शात जातात, पण मोठी नांगी अख्खी ठेवतात, चोखायला. पातेल्यात अठरा सापडल्या, आई-बाबांच्या ताटांत नऊ. उरलेल्या पाच कालवणाच्या वाटीतून शेजारी मैनावहिनींकडे पोचल्या होत्या. मी लाज सोडून गेले आणि उष्ट्या नांग्या मागितल्या. चार मिळाल्या. पाचवी त्यांच्या मांजरानं नेली होती.

आत्या एकेक नांगी हातात घेऊन सांगत गेली, उजवी, उजवी, ही बी उजवी. अठ्ठावीस उजव्या, तीन डाव्या.

"तुला बघताक्षणी कसं कळतं?"

"नांगीच्या वाकावरनं. वळखावीच लागती, बिळात हात घालायचा तो मोठ्या नांगीच्या उलट्या अंगानं. भौतेक उजवंच असत्यात, म्हनून आमी समदी एकाच अंगानं घालतो." मग तिनं अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला. "ह्यो डावरा निघाला. सोडून दिला मेल्याला."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही चाळली. "नमुने कुठायत?"

"खाल्ले, मॅडम."

"आणि एक नोंद कोरी का?"

"मांजर, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "बरं. डावरे तीनच. डावरं असून खेकड्याला फायदा काय?"

मी पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आत्याचा अंगठा आठवला. "आमच्याकडे सगळे एकाच बाजूनं हात घालतात, मॅडम. उजवा सापडतो, कालवणात जातो. डावरा चावतो, म्हणून सुटतो. सुटला की त्याला पिल्लं होणार. डावरेपण पिल्लांत उतरत असेल, तर खूप पिढ्यांनी ओढ्यात डावरे वाढतील. कुणी ठरवून नाही, आपोआप."

"हेच मी गेल्या वर्षी विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. मग पहिलं पान उघडलं. तिथं मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनी आत्याचं पूर्ण नाव विचारलं आणि आपल्या नावाच्या वर लिहिलं, श्रीमती भीमाबाई गायकवाड.

घरी येऊन मी आधी आत्याची माफी मागितली, मग ते पान दाखवलं. तिनं नाव दोनदा वाचलं. मग बादली उचलून ओढ्याकडे निघाली.

"आता कुठं?"

"म्याडमला डबा नको का द्यायला," ती म्हणाली. "आन ह्या टायमाला मोजून शिजवते."