पुसू नये

मित्रांनो, ताईने शेवटी लहान विद्यापीठ निवडले. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा.

मी एक जुना फळा आहे आणि अजून काहीच ठरलेले नाही. सुताराने मला एका शिकवणीवर्गासाठी घडवले. तिथे मी वर्षानुवर्षे चुकीची उत्तरे अंगावर वागवली, म्हणून माझा कोणावर विश्वास नाही. खडूवर तर नाहीच. तो झिजून नाहीसा होतो आणि लिहिलेले निस्तरायला मी उरतो. वर्ग बंद पडल्यावर बाबांनी मला ताईच्या खोलीत आणले. बरेच दिवस माझ्यावर टॉवेल वाळत असत.

मग ताईला सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडीसाठी दोन विद्यापीठांनी बोलावले. एक मोठे, एक लहान. पाच वर्षांचा प्रश्न. तिने माझ्यावर समीकरण मांडले. कीर्ती, विषय, हवामान, सगळ्यांना अक्षरे दिली. गाइडचा स्वभाव मात्र 'अत्यल्प' म्हणून सोडून दिला. या भौतिकशास्त्रवाल्यांची ही खोडच. जे सुटत नाही ते अत्यल्प. उत्तर अर्थातच मोठ्याच्या बाजूने आले. मला घोळाचा वास आला.

आई दारातूनच म्हणाली, "गाइडला वगळलंस? उद्या लग्न ठरवताना नवरा वगळशील."

"आई, ते जगप्रसिद्ध आहेत."

"मग तर बघायलाच हवं."

ताईने मोठ्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो सरांचे कौतुक पाठ केल्यासारखे करत होता. त्याच्या मागे फळा होता. कोरा. मित्रांनो, अशा खोलीत कोरा फळा म्हणजे जेवणाच्या वेळी थंड चूल. ताईनेही विचारलेच.

"सरांना विचारल्याशिवाय आम्ही त्यावर लिहीत नाही," तो म्हणाला आणि त्याने मागे वळून पाहिले.

लहान विद्यापीठातल्या मुलीच्या मागचा फळा गिचमिड होता. मधली एक ओळ खोडलेली.

"ती सरांची. चुकली होती, मी खोडली."

"मग?"

"दोन दिवस फुगून बसले. मग म्हणाले, बरोबर आहे तुझं."

ताईने माझ्यावरचे 'अत्यल्प' पुसले. फळे बघून ठरले, म्हणजे सन्मान आम्हा फळ्यांचाच होता, तरी मला त्याचाही संशय आला.

जाताना तिने एक गणित अर्धे ठेवले आणि खाली लिहिले, 'पुसू नये.' आई रोज ओले फडके आणते, ते वाचते आणि कडेकडेने पुसते. काल मात्र ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. मायेनेही खडू जातो, मित्रांनो.

सबब, ताई परत येऊन गणित पुरे करेपर्यंत ओली फडकी, आईचे बोट आणि काळ यांना सदर खोलीत प्रवेशबंदी करण्याचे आदेश तातडीने निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.