सुटा कोपरा

कवळी फार सरळ बसवली की ती खोटी दिसते, हे कवळीवाल्यांना तिशीत कळलं आणि पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी त्याच एका ज्ञानावर काढली. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत. हे मागच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून मेणात एकेक दात रोवत बसत. समोरचा एक केसभर तिरका, शेजारच्याच्या कडेला जुन्या चहाचा डाग वाटावा इतकी पिवळट छटा. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणे, "अगदी माझेच वाटतात हो." त्यामुळे बायको गेल्यावर तिची कार्डं करणं त्यांना फारसं जड गेलं नाही. हात तयार होता.

बायको ग्रंथालयात होती. पण ही कार्डं तिथली नव्हेत, टपालाने चालणाऱ्या एका मंडळाची. 'हातची कार्डं' नावाच्या या मंडळात बत्तीस सभासद होते, तोंडात दात असतात तितकेच, आणि एकाने दुसऱ्याला कधी पाहिलेलं नव्हतं. दर महिन्याला एक विषय येई. 'कुलूप', 'उरलेलं', 'शेजारी', असं काहीही. त्यावर प्रत्येकाने तळहाताएवढं एक कार्ड हाताने करायचं, मागे नाव न घालता नुसता आपला नंबर घालायचा आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला मंडळ चालवणाऱ्या बाईंकडे टपालाने पाठवायचं. त्यांना सगळे चिठ्ठीबाई म्हणत, कारण कुणाचं कार्ड कुणाला जाणार हे त्या चिठ्ठ्या उचलून ठरवत आणि तसं पाकिटात घालून रवाना करत. नियम दोनच. लागोपाठ दोन महिने कार्ड आलं नाही तर नंबर खोडला जाई. आणि सभासद वारल्याचं कळलं तर उरलेले एकतीसजण त्याच्या घरी एकेक कोरं कार्ड पाठवत.

बायकोचा नंबर सतरा. ग्रंथालयातून बाद झालेल्या पुस्तकांच्या तारखांच्या पट्ट्या कापून ती कार्डं करी, तीही सकाळी कुकर लावल्यापासून साडेनऊची बस येईपर्यंतच्या वेळात. सगळीकडे डिंक लावून होईस्तोवर बसचा हॉर्न वाजे. खालचा डावा कोपरा हमखास सुटा राही. "कोपरा चिकटव की," कवळीवाले म्हणत. "तो कोपरा तुम्हाला ठेवलाय," असं म्हणून ती चपला घाली. कवळीवाल्यांनी तो कधी चिकटवला नाही. पण बत्तीस घरांत सतरा नंबर त्या कोपऱ्यावरून ओळखला जाऊ लागला.

ती गेल्यावर चिठ्ठीबाईंना एक ओळ लिहायची होती. कवळीवाल्यांनी ती तीनदा लिहिली. तिन्ही वेळा त्यांना दाराच्या फटीतून एकतीस कोरी कार्डं एकामागून एक आत पडताना दिसली. बँकेने तिला खोडलं, ग्रंथालयाने खोडलं, डॉक्टरांनी तर सगळ्यांच्या आधी. ती अजून 'आहे' असा एकच कागद जगात उरला होता, आणि तो म्हणजे मंडळाची यादी. त्यांनी ओळ फाडली आणि कात्री घेतली. विषय होता 'शिडी'. कोपरा त्यांनी मोजून चार मिलिमीटर सुटा ठेवला.

धाकटी मेहुणी वरच्या मजल्यावर राही. ती डबा घेऊन खाली आली आणि दारातच थांबली.

"भावोजी, हे काय चाललंय?"

"कार्ड."

"ते दिसतंय. ताईच्या नावावर?"

"नंबर चालू आहे तिचा."

"माणूस बंद आणि नंबर चालू," धाकटी म्हणाली. "तुम्ही टेलिफोन कंपनीत जायला हवं होतं."

पण डबा ठेवून जाताना तिने कार्ड टपालपेटीत टाकायला नेलं.

असे सहा महिने गेले. कुणाला संशय आला नाही. संशय आला तो कवळीवाल्यांनाच, आणि तो दुसऱ्यांचा.

सातव्या महिन्यात त्यांना नऊ नंबरचं कार्ड आलं. नऊ नंबरचा हात कापतो, हे बायकोच्या जुन्या डब्यातल्या कार्डांवरून त्यांना माहीत होतं. त्याच्या रेघा आजारी माणसाच्या सहीसारख्या चालत. या कार्डावरही रेघ कापत होती. पण फार शिस्तीत कापत होती. दर दोन बोटांवर एक थरथर, सगळ्या सारख्याच उंचीच्या. कवळीवाल्यांनी भिंग लावलं आणि त्यांच्या तोंडून नकळत डॉक्टरांचा शब्द गेला, "बसवलेली आहे."

आठव्या महिन्यात सव्वीस नंबर आला. या बाई कार्डावर कॉफी सांडण्याबद्दल प्रसिद्ध. डाग होता, आणि तो चित्राला कुठेही धक्का न लावता सांडला होता. सांडणारी कॉफी इतकी समजूतदार नसते.

तेव्हा एका रविवारी कवळीवाले दोन तासांचा बसचा प्रवास करून चिठ्ठीबाईंच्या पत्त्यावर गेले. ओळख पटावी म्हणून बायकोचं एक जुनं कार्ड खिशात ठेवलं. दार एका काटकुळ्या गृहस्थाने उघडलं. चष्मा दोरीला, शर्टाच्या खिशात टॉर्च. हे निवृत्त मीटरवाले. घरोघरचे विजेचे आकडे टिपण्यात त्यांचा जन्म गेलेला, टॉर्च काही खिशातून निघाला नव्हता.

"चिठ्ठीबाई आहेत?"

"आपण?"

"सतरा."

"सतरा तर बाई आहेत."

"होत्या," कवळीवाले म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला.

मीटरवाल्यांनी दार पूर्ण उघडलं. "या आत. चिठ्ठीबाई माझी बहीण. म्हणजे, होती."

दोघं बसले. मीटरवाल्यांनी पंखा लावला.

"किती झालं?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"आठ महिने. तुमचं?"

"चार वर्षं. तिची सही जमायलाच सहा महिने गेले माझे."

"मग खोडणार का आम्हाला?"

"कशाला खोडू? मीसुद्धा खोडला जाईन की." मीटरवाल्यांनी टेबलाकडे हात केला. "मला दोन-चार जणांचा वहीम आहे. तुमचा नव्हता बरं का. गेल्या महिन्याची सगळी बत्तीस इथेच आहेत. आज पाकिटं भरायची होती."

कवळीवाल्यांनी भिंग काढलं. त्यांचं शास्त्र साधं होतं. खरी चूक माणसाचं लक्ष नसताना होते, म्हणून ती कुठेही होते. खोटी चूक लक्ष देऊन करावी लागते, म्हणून ती नेहमी जरा बऱ्या जागी पडते. ते एकेक कार्ड उचलत, पाहत आणि डावीकडे ठेवत. नऊ, डावीकडे. सव्वीस, डावीकडे. चार, अकरा, तीस. मीटरवाल्यांनी बहिणीच्या नावाने केलेला एक नंबर, त्यांच्यादेखत डावीकडे.

सतरा हातात आल्यावर ते थांबले. खिशातलं बायकोचं कार्ड काढून त्यांनी शेजारी धरलं. कात्रीने कापलेल्या कागदाची कड एका बाजूला किंचित वळते. तिच्या कार्डाची एकीकडे वळली होती, यांच्याची दुसरीकडे. बायको डावखुरी होती. चौतीस वर्षं तिने डाव्या हाताने चिरलेली भाजी खाऊन कवळीवाल्यांनी नक्कल मात्र उजव्या हाताने केली होती. त्यांनी आपलं कार्ड स्वतःच डावीकडे ठेवलं.

शेवटी डावीकडे एकतीस कार्डांची चळत झाली. उजवीकडे एक उरलं. एकवीस नंबर. खोडलेली रेघ, वाकडा टाका, नको तिथे उमटलेला अंगठा. अस्सल गबाळं काम. कवळीवाल्यांना इतकं बरं वाटलं की ते चक्क हसले.

"चला. मंडळात एक तरी माणूस जिवंत आहे."

मीटरवाले हसले नाहीत. त्यांनी ते कार्ड कडेला धरून हळूच टेबलावर परत ठेवलं.

"एकवीसच्या घरी मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. एकटेच असायचे. शेजारी म्हणाले, ते गेले त्याला पाच वर्षं झाली. म्हणजे आता सात. पुढे-मागे कुणी नाही. दाराला कुलूप. मीटरसुद्धा काढून नेलाय, मी स्वतः टॉर्च मारून पाहिलं. नुसते चार स्क्रू आहेत भिंतीत."

"मग हे कोण पाठवतं?"

"एक महिना चुकलेला नाही," मीटरवाले म्हणाले. "मी पुष्कळ विचार केला. बाकी सगळ्यांच्या मागे कार्ड करायला कुणी ना कुणी आहे. यांच्या मागे कुणीच नाही. त्यामुळे मला वाटतं, यांना स्वतःलाच करावं लागत असेल."

हे त्यांनी आकडा वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितलं.

परतीच्या बसमध्ये कवळीवाल्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की तिची वाट आपणच अडवून बसलोय. घरी आल्यावर त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं, आणि आपण आता कार्ड करणार नाही, तिचं तिलाच करू द्यायचं, हेही; मीटरवाल्यांनाही तसं लिहून कळवलं.

"म्हणजे मेल्यावरही ताईनेच करायचं," धाकटी म्हणाली. "सुटी नाहीच बिचारीला. आणि नाही आलं तिचं कार्ड तर?"

"दोन महिन्यांनी नंबर जाईल."

"मग?"

"मग ती गेली," कवळीवाले म्हणाले.

पहिल्या महिन्याचा विषय होता 'पाऊलवाट'. कवळीवाल्यांनी कात्रीला हात लावला नाही. रिकामे हात त्यांनी भांडी घासण्यात गुंतवले. त्यात एक दिवस तिची चहाची बशी हातातून निसटली आणि कडेचा टवका उडाला. टाकवेना, म्हणून त्यांनी खोलीतल्या सामानाने ती खाच भरली. हिरड्यांसाठी वापरतात ते गुलाबी रसायन. बशीला हिरडी फुटल्यासारखं दिसू लागलं, म्हणून त्यांनी ती कपाटात मागे सरकवून ठेवली. कुणाला दाखवण्यासारखं काम नव्हतं.

महिना संपल्यावर मीटरवाल्यांची चिठ्ठी आली. 'सतरा आलेलं नाही. एक चुकलं.' कवळीवाल्यांनी मनाची समजूत घातली. पहिल्या महिन्यात तिला वाटलं असेल, हे करतील. गॅसचा नंबर लावायचंही असंच व्हायचं.

दुसऱ्या महिन्याचा विषय 'बशी' निघाला. कवळीवाल्यांनी कपाटाकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. अठ्ठावीस दिवस ते धीराने बसले. शेवटच्या तारखेला दुपारी त्यांनी भरलेलं ताट बाजूला सारलं. टपालपेटी चारला उघडत असे. पावणेतीन वाजले. एकवीस नंबरचं काय, त्याला कुणी खोडलं तरी विचारणारं नव्हतं. इथे नंबर खोडला की ती गेल्याचं सगळ्यांना कळणार आणि पाठोपाठ एकतीस कोरी कार्डं येणार, आणि तीही मेलेल्यांच्या नावाने जिवंतांनी पाठवलेली. तीन वाजता त्यांचा धीर सुटला. त्यांनी पट्ट्या काढल्या, एक साधी, धड गोल बशी कापली, कात्री डाव्या हातात धरून पाहिली, जमेना म्हणून उजव्यात घेतली, कोपरा चार मिलिमीटर सुटा ठेवला आणि चपलेचा अंगठा तुटेल इतक्या घाईने पेटी गाठली. कार्ड आत पडल्याचा आवाज आला. आपल्याला नेमका कशावर विश्वास नव्हता, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

आठ दिवसांनी मीटरवाल्यांचं जाड पाकीट आलं. धाकटी समोरच भाजी निवडत बसली होती.

"वाचा मोठ्याने," ती म्हणाली.

'सतराची दोन कार्डं आली,' कवळीवाल्यांनी वाचलं. 'एकाच दिवशी, एकाच टपालात. एका नंबरची दोन घेता येत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून तुमच्या पद्धतीने तपासली. एकाचा कोपरा सुटा आहे, ती बाईंची खूण. म्हणजे तुम्ही म्हणत होता तसं झालं असावं. ते ठेवून घेतलं आणि पुढे रवाना केलं. दुसऱ्याचा कोपरा चिकटलेला आहे, तेव्हा ती नक्कल. धीर सुटून तुम्ही टाकलीत हे समजू शकतो, राग नाही. ती परत पाठवत आहे. नंबर चालू ठेवला आहे.'

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दोन कशी?"

कवळीवाल्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. तारखांच्या पट्ट्यांची बशी. जरा लंबगोल, एका बाजूला पसरलेली, मधे डिंकाचं बोट उमटलेलं. त्यांनी भिंग लावलं. कड तिकडे वळली होती जिकडे ती चौतीस वर्षं वळत आली होती. मग त्यांनी भिंग बशीच्या काठावर नेलं. काठाला एक टवका होता, आणि तो गुलाबी कागदाच्या तुकड्याने भरून काढला होता.

"तू केलंस का हे?" त्यांनी विचारलं.

"मी?" धाकटी म्हणाली. "मला फॉर्मवरची सही चौकटीत बसवता येत नाही, भावोजी."

हे खरं होतं. आणि कपाटातली बशी तिने पाहिलेलीही नव्हती. ती उठून त्यांच्या मागे आली आणि खांद्यावरून वाकून बघू लागली. श्वास मात्र जरा लांबच ठेवून.

"पण ताईचं कसं असेल?" ती हळू आवाजात म्हणाली. "कोपरा बघा ना. ताईचा कोपरा जन्मात कधी चिकटला होता?"

कवळीवाल्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यात नख घातलं. ते कुठेच शिरेना. डिंक अगदी टोकापर्यंत लावला होता. पातळ, एकसारखा, सावकाश बोट फिरवत.

"तेव्हा तिला बस गाठायची असायची," ते म्हणाले.