अर्ध्या चादरीवरचा चौकोन

“अगं सूनबाई, पोरीचे कपडे बाहेर वाळत घालू नकोस. दुपारी धूर खालीच बसतो.”

तळमजल्यावरच्या गबाळे काकांनी हे सांगितलं, तेव्हा मी दोरीवरच होते. आमच्या घरची आई तोंडदेखलं हसली आणि आत येऊन नवऱ्याला म्हणाली, “स्वतःचं घर दहा वर्षांत पुसलं नसेल, आणि मला शिकवतायत.”

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चादर आहे. खरं तर अर्धीच. कापूस, सूत, माग हे सगळं माझ्याही वाट्याला आलं, पण आता ते नीटसं आठवत नाही. आठवतं ते हे की घरातल्या सगळ्या चादरींत मऊ म्हणून तान्ह्या पोरीसाठी मला निवडलं. त्याचा मला केवढा तोरा होता. दोरीवरची काजळी घेऊन मीच रोज तिच्या नाकाशी जाते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आठव्या महिन्यात पोरीची छाती वाजायला लागली. औषधाची वाफ देणारं मशीन घरात आलं. गल्लीत तशी आणखी अकरा मशीनं निघाली, तेव्हा कुठे लोकांनी टोकाच्या लोखंड वितळवायच्या कारखान्याकडे मान वर करून पाहिलं. प्रदूषण मंडळाकडे अर्ज गेले. “पुरावा आणा,” असं उत्तर आलं.

युक्ती आईनेच काढली. तिने मला मधोमध फाडलं. एक अर्धी कपाटात ठेवली, दुसरी, म्हणजे मी, महिनाभर गच्चीवर, न धुता. सुनावणीला दोघींना शेजारी पसरायचं. मी तव्याच्या बुडासारखी काळी झाले. शेजारणी रोज येऊन बघून जायच्या. मळल्याबद्दल कौतुक झालेली चादर तुम्ही पाहिली आहे का? मी होते ती.

सुनावणीच्या सकाळी आईने माझी घडी घातली. काजळी उडाली आणि पोरगी खोकत सुटली. तिला ठेवायला घरी कुणी नव्हतं. ती आईच्या मांडीवर असणार आणि मी तिच्या शेजारी. आईने बादली ओढली. “वरवरचं पाण्यातून काढते. डाग कुठे जातायत,” असं ती स्वतःशीच म्हणाली. पण त्या हातांना दिवसातून तीनदा धुवायची सवय. साबण कधी लागला, तिचं तिलाही कळलं नाही.

मंडळाच्या साहेबांनी टेबलावर दोन्ही अर्ध्या पसरल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. “यात बघायचं काय?”

कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, “साहेब, बाईंचा साबण कुठला ते विचारून घ्या.”

सगळे हसले, आपलेसुद्धा. आई पोरीच्या पाठीवरून हात फिरवत खाली बघत राहिली.

तेव्हा मागच्या बाकावरून गबाळे काका उठले. दर दोन वाक्यांनी त्यांना दम घ्यावा लागे. “साहेब, माझ्या घरी चला. तीस वर्षं त्याच भट्टीवर होतो. माझ्याकडे पुसायला कुणी नाही.”

साहेब आले. त्यांनी फळीवरचा डबा उचलला. डब्याखाली तेवढा पांढरा गोल, बाकी सगळी फळी काळी. बोट बुडेल एवढा थर. त्याचा नमुना तपासणीला गेला आणि सात महिन्यांनी भट्टी बंद पडली. ज्या गबाळेपणाला गल्लीने जन्मभर नाकं मुरडली, त्यानेच गल्ली वाचवली.

पुढे ती जागा घरांसाठी मिळाली. “बिल्डर नको, आराखडा आपणच काढू,” असं ठरलं. मला जमिनीवर अंथरून सगळे भोवती बसले. मैदान, दवाखाना, झाडं, सगळं माझ्यावर मार्करने काढलं. काकांनी एकच मागितलं, “मला खाली खोली द्या. जिने चढायची छाती राहिली नाही.” आईने माझ्या कोपऱ्यात चौकोन काढून त्यात ‘काका’ असं लिहिलं.

इमारत झाली. मैदानही झालं, ते नाकारत नाही. मग बैठकीत निघालं की रहिवाशांच्या समितीला ऑफिस लागेल, आणि ते खालीच बरं.

“काकांना चौथ्यावर देऊ. लिफ्ट काय, येतेच आहे. कुणाची हरकत?”

मी समोरच्या भिंतीवर लावलेली होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पोरीच्या केसांतली क्लिप नीट करत बसली. काका म्हणाले, “चालेल.”

लिफ्टच्या खड्ड्यात अजून सिमेंटची रिकामी पोती आहेत. मी त्याच ऑफिसात फडकं झाले आहे. चहा सांडला की त्यांना माझी आठवण होते. मैदान पुसट झालं, झाडं गेली, चौकोन अजून आहे.

काका रोज सकाळी चौथ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे, दूधवाला त्यात दूध ठेवायचा. तीन दिवस पिशवी खाली आलेली नाही. “बहिणीकडे गेले असतील,” असं कुणीतरी टेबलाशी म्हणालं. काकांना बहीण नाही. आई म्हणाली, “संध्याकाळी डोकावून येते.” त्यानंतर दोन संध्याकाळी झाल्या.

मित्रांनो, मला फाडा, पिळा, कुठेही टाका, माझं काही म्हणणं नाही. पण फडक्याला जिना चढता येत नाही आणि दारही वाजवता येत नाही. तुम्ही जातच आहात तर चौथा मजला, डावीकडचं दार. जरा बघून या.