कॉम्प्युटरले कूलर

आज संध्याकाळपर्यंत डिझाइन पाठवलं नाई तर पुण्याची नोकरी गेली, अन् माहा कॉम्प्युटर हूं की चूं करून नाई राहिला! सीताबर्डीच्या बाजारातून एक एक पार्ट आणून मी स्वतः जोडलेला. डिझाइन त्याच्यातच. डिझाइनची फाइल बनाले रात्रभर लागते, म्हणून बाबा झोपतात त्या खोलीत तो चालूच ठेवला, सकाळी पाहते तर बंद. बटन दाबलं की पंखा एक गिरकी घेते अन् थांबते. स्क्रीन काळीच्या काळी.

"वायर ढिली असन," बाबा बोलले.

"पाहिली."

"चाबी-बिबी असते का त्याले?"

"बाबा, कॉम्प्युटर आहे, स्कूटर नाई!"

रॅम काढली, खोडरबरनं घासली, परत बसवली. वायरी उपटल्या, खोचल्या. पंखा गिरकी घेते अन् थांबते. डोक्याचं पार दही झालं. दुकानवाल्याले फोन केला तर म्हणे, "ताई, मी पारशिवनीले लग्नात आहो, उद्या आणा." उद्या आणून काय त्याचं लोणचं घालू?

मग ग्राफिक कार्ड काढलं, तर बोटाले पाणी लागलं. पाणी! आतमध्ये बारीक थेंबच थेंब. गरमीपायी बाजूचं झाकण मीच काढून ठेवलं होतं, पण घरात पाणी कुठून येईन? मान वर केली. कूलरचं तोंड बाबांच्या खाटेकडं नव्हतं, सरळ कॉम्प्युटरकडं होतं.

"हे कोणं फिरवलं?"

"मी," बाबा मोठ्या कौतुकानं बोलले. "रात्री हात लावून पायला, लय तापला होता बिचारा. माणसाले एवढं होते, तर यंत्राले नाई होत का? टाकी भरली अन् कूलर फुलवर ठेवला."

माहं टाळकंच सटकलं. "समजत नाई तर हात काहून लावता? नोकरी गेली माही! आता या खोलीत पायच नका ठेवू!"

बाबा बाहेर गेले.

गच्चीवर आईच्या कुरड्या वाळून राहिल्या होत्या. तिथंच जिन्याच्या सावलीत सगळे पार्ट मांडले. मे महिन्यातली नागपूरची लू, ओला टॉवेल पाहता पाहता कडक होते. मी राखण करत बसली. आई कुरड्या पलटवाले आली.

"तुहे बाबा रात्रभर झोपले नाई वं दीक्षा," ती बोलली. "ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसले होते. म्हणे, पोरीचं काम होऊ दे."

मी ग्राफिक कार्ड पलटवलं. माहं कपाळ!

ऊन उतरल्यावर सगळं पुन्हा जोडलं. देवाधर्माचं नाव न घेता डोळे मिटून बटन दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला! स्क्रीन उजळली. फाइल पुरी बनलेली, जशीच्या तशी होती. पाठवून दिली, पोचल्याचा मेल आला, अन् मी बोंबलली, "बाबा! झालं! गेलं!"

बाबा धावतच आले. दाराशी येऊन थबकले. एक पाय उचललेला, तो मागं घेतला.

"येऊ का वं आत?" त्यांनी विचारलं.

त्यांची खोली, त्यांची खाट, अन् मले विचारून राहिले होते. मले असं रडू फुटलं का, 'या' म्हणता नाई आलं.