हरवलेल्या शेळीचा शब्द

कोशाच्या नव्या खंडाच्या छापील पानावर 'क्वेरेरे' या लॅटिन क्रियापदाखालची शेवटची ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होती. धाकटीने ती भिंगाखाली धरली. तिने टाकलेला स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता.

वरचं सगळं खरं होतं. मूळ अर्थ शोधणं, मागणं, विचारणं. त्यातून इटालियनमध्ये विचारणं आणि मागणं उरलं, रुमानियनमध्ये मागणं, स्पॅनिशमध्ये तर शोधता शोधता प्रेम करणंच आलं. ही नोंद जुळवताना तिच्या डोळ्यांची वाट लागली होती. नाव मात्र भाऊजींचं. भाऊजी म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा, कोशाचे संपादक. पहिल्या खंडातही त्यांनी तिच्या नोंदी ढापल्या होत्या. वर "हिचं अक्षर छान, उतरवून दिलं बिचारीनं," असं सांगत फिरले.

म्हणून या वेळी शेवटची ओळ तिने मनाने रचली. डोंगरातल्या एका बोलीतलं क्रियापद, अर्थ 'हरवलेल्या शेळीला हाका मारत फिरणं'. असं क्रियापद जगात कुठेच नव्हतं. चोर पकडायला कोशात एक खोटा शब्द पेरून ठेवायचा, ही युक्ती तिला भाऊजींनीच शिकवली होती. विसरले बिचारे.

"जाऊ दे ना गं," पहिल्या खंडाच्या वेळी ताई म्हणाली होती. "घरचं माणूस आहे. चारचौघांत शोभा करशील?" तेव्हापासून धाकटी गप्प होती.

आज मुखपृष्ठावरच्या नावाला मंजुरी द्यायला कोश छापणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई कार्यालयात आल्या होत्या. कौतुक पाहायला ताईही आली होती.

"हा शेळीचा शब्द कुठं मिळाला हो?" बाईंनी विचारलं.

भाऊजी खुलले. "डोंगर तुडवला, बाई! एका म्हातारीनं सांगितला. तोंडात दात नाही, पण उच्चार काय स्वच्छ!"

"आणि शेळी? सापडली का?"

"सापडली तर! दूधसुद्धा पाजलं मला."

सगळे हसले. टेबलाखाली ताईने धाकटीचा हात घट्ट धरला. धाकटीने घाई केली नाही. भाऊजींचं दूध पिऊन होऊ दिलं. मग ताईची बोटं हलकेच सोडवली.

"तुम्हाला काही विचारायचंय?" बाई तिच्याकडे वळल्या.

"विचारायचं नाही, सांगायचंय. तो शब्द मी बनवलाय. ती म्हातारीही नाही आणि शेळीही नाही. ही नोंद माझी आहे, या खंडातल्या बाकीच्याही माझ्याच. मुखपृष्ठावर माझं नाव घाला, आणि यांचं काढा."